दृढीकरण : एका संस्काराची संज्ञा आणि तिचा अर्थ

कॅथलिक धर्मसभेने मानलेल्या सात संस्कारांपैकी स्नानसंस्कार, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद हे तीन दीक्षेचे संस्कार होत. त्यांपैकी मधल्या संस्काराला भारतीय भाषांनी दिलेली नावे एकत्र पाहिली, तर एक विचारप्रवर्तक चित्र दिसते. मराठीत आणि हिंदीत तो ‘दृढीकरण’ आहे, मल्याळममध्ये ‘स्थैर्यलेपनम्’, तमिळमध्ये ‘उरुदिप्पूसुदल’, म्हणजे दृढतेचे लेपन, तेलुगूमध्ये ‘भद्रमैन अभ्यंगनमु’, तर बंगालीत ‘हस्तार्पण’. एकाच विधीची ही नावे परस्परांची भाषांतरे नव्हेत. या विधीत हात आहे, तेल आहे आणि त्यांतून साधणारे एक फळ आहे. बंगालीने हाताचे नाव घेतले, द्राविड भाषांनी तेलाचे. मराठीने मात्र केवळ फळ सांगितले आणि साधन वगळले. या निवडीचा परिणाम संस्काराच्या आकलनावर कसा झाला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

‘दृढीकरण’ या शब्दाची घडण प्रथम लक्षात घ्यावयास हवी. संस्कृत व्याकरणात जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, या अर्थी ‘च्वि’ प्रत्यय सांगितला आहे. ‘शुद्धीकरण’ म्हणताच पूर्वीची अशुद्धता गृहीत धरली जाते. त्याच न्यायाने ‘दृढीकरण’ म्हणताच पूर्वीची श्रद्धा डळमळीत होती, किंवा स्नानसंस्कार अपुरा होता, असे ध्वनित होते. धर्मसभेची शिकवण तशी नाही. स्नानसंस्कार स्वतःच्या जागी परिपूर्ण असून दृढीकरण त्यातील कृपेला पूर्णत्वाकडे नेते, असे ती मानते. शब्दाची दुसरी अडचण अशी, की या भाववाचक नामात कर्ता लोपलेला आहे. कोण दृढ करतो आणि कशाला, याचे उत्तर शब्द देत नाही. त्यामुळे ‘लहानपणी आईवडिलांनी पत्करलेली श्रद्धा मोठेपणी मुलाने स्वतः पक्की करावयाची’ असा अर्थ सहज रूढ होतो. हा अर्थ आकर्षक आहे. परंतु तो संस्काराचा गाभा नव्हे.

गाभा समजण्यासाठी मागे जावे लागते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात शोमरोनातील लोकांचा प्रसंग आहे. त्यांचा बाप्तिस्मा झालेला होता. तरीही पेत्र आणि योहान यरुशलेमहून तेथे गेले, त्यांनी त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्म्याचे दान लाभले. पाश्चात्त्य परंपरेने या प्रसंगात दृढीकरणाचे मूळ पाहिले. पुढे हस्तार्पणास सुगंधी तेलाच्या अभ्यंगाची जोड मिळाली. ‘ख्रिस्त’ या शब्दाचा अर्थच ‘अभिषिक्त’ असल्याने ख्रिस्ती माणसाचा अभिषेक हा त्याच्या नावाचाच उलगडा ठरला. आरंभीच्या शतकांत जलस्नान, अभ्यंग आणि ख्रिस्तप्रसाद ही एकाच सोहळ्याची अंगे होती आणि त्याचे प्रमुखत्व महागुरूंकडे, म्हणजे बिशपांकडे असे.

धर्मसभा खेडोपाडी पसरल्यावर प्रत्येक स्नानविधीला महागुरूंनी उपस्थित राहणे अशक्य झाले. या अडचणीवर पूर्वेने आणि पश्चिमेने दोन भिन्न उपाय काढले. पूर्वेकडील धर्मसभांनी सोहळा अखंड ठेवला. धर्मगुरूने बालकाला स्नान घालून लगेच अभ्यंग करावा, फक्त तेल वरिष्ठांनी पवित्र केलेले असावे, असे ठरविले. पश्चिमेकडील लॅटिन धर्मसभेने महागुरूंचा हात राखला आणि त्यासाठी काळाचे अंतर पत्करले. महागुरू येतील तेव्हा त्यांनी विधी पुरा करावयाचा, या अर्थी पाचव्या शतकातील गॉलच्या धर्मपरिषदांच्या निर्णयांत लॅटिनमधील ‘दृढ करणे’ हे क्रियापद आढळते. अर्थात मराठी संज्ञेमागे उभी असलेली कल्पना मुळात वयाशी निगडित नव्हती. ती महागुरूंच्या प्रवासाशी निगडित होती.

भारतात हे दोन्ही उपाय आजही शेजारी नांदतात. केरळातील सीरियन परंपरेत या तेलाला ‘मूरोन’ म्हणतात. लॅटिन प्रभावामुळे तेथील सीरो-मलबार धर्मसभेतही मध्यंतरी हा संस्कार स्नानापासून वेगळा पडला होता. परंतु १९९० च्या पौर्वात्य धर्मसभांच्या संहितेने दोन्ही एकत्र देण्याचा नियम केला. उलट वसई-मुंबई परिसरातील लॅटिन परंपरेच्या धर्मग्रामांत दृढीकरण सामान्यतः किशोरवयात होते. एकाच कॅथलिक श्रद्धेत तान्हे मूल आणि शाळकरी मूल हा एकच संस्कार स्वीकारते. तान्हे मूल कोणतीही श्रद्धा जाहीर करू शकत नाही. म्हणून व्यक्तीची जाहीर प्रतिज्ञा हे संस्काराचे सार असू शकत नाही. सार आहे ते दानाचे.

किशोरवयाच्या प्रथेला १९१० साली एक वेगळेच कारण मिळाले. दहावे पियस यांनी प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षांवर आणले आणि त्यामुळे अनेक ठिकाणी दीक्षेचा क्रमच उलटला. दुसरा संस्कार तिसरा झाला. १९८३ च्या लॅटिन धर्मसंहितेनुसार समज आलेल्या वयात दृढीकरण द्यावयाचे असते. मात्र बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेस निराळे वय ठरविता येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये या विधीच्या पुनर्रचनेची सूचना केली आणि सहावे पॉल यांनी १९७१ मध्ये नवा विधी जारी केला. भाषेच्या अभ्यासकास त्यातील सूत्राचा पालट विशेष महत्त्वाचा वाटेल. जुन्या लॅटिन सूत्रात महागुरू प्रथमपुरुषी बोलत: ‘मी’ खूण करतो, ‘मी’ दृढ करतो, अशी त्याची रचना होती. नवे सूत्र बिझंटाइन परंपरेतील प्राचीन सूत्रावर बेतलेले आहे. त्यात ‘मी’ नाही आणि ‘दृढ करणे’ हे क्रियापदही नाही. आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकारण्यास उमेदवाराला सांगितले जाते आणि तो केवळ ‘आमेन’ म्हणतो. ज्या क्रियापदावरून संस्काराला नाव पडले, ते सूत्रातून गेले; नाव मात्र राहिले.

विधी पाहिला म्हणजे नावात न मावलेले सारे काही तेथे भेटते. मिस्साबलिदानात शुभवर्तमानाच्या वाचनानंतर उमेदवारांना सादर केले जाते. प्रवचनानंतर ते स्नानसंस्काराच्या प्रतिज्ञांचा पुनरुच्चार करतात. महागुरू त्यांच्यावर हात पसरून आत्म्याच्या सप्तदानांसाठी प्रार्थना करतात. नंतर धर्मपिता किंवा धर्ममाता उमेदवाराच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहते आणि महागुरू अंगठ्याने त्याच्या कपाळावर तेलाचा क्रूस रेखितात. पूर्वी यानंतर गालावर हलकी चापट मारीत; नव्या विधीत तिच्याऐवजी शांतीचे अभिवादन उरले आहे.

सप्तदानांची कथाही भाषांतराचीच आहे. यशयाच्या अकराव्या अध्यायातील हिब्रू पाठात ज्ञान आणि समज, मसलत आणि सामर्थ्य, प्रभूची ओळख आणि त्याचे भय अशी सहाच नावे असून शेवटचे पुढील ओळीत पुन्हा येते. ग्रीक भाषांतरकारांनी त्यांपैकी एका ठिकाणी ‘धर्मशीलता’ हा शब्द योजिला, लॅटिनने तो उचलला आणि सहाची संख्या सात झाली. भाषांतरकाराचा एक निर्णय अशा रीतीने प्रार्थनेचा भाग बनला.

सोहळा साजरा करताना जो घोटाळा होतो, तो शब्दातील घोटाळ्याचेच प्रतिबिंब आहे. दृढीकरण म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गांची अखेरची परीक्षा असे मानले गेले, की त्या दिवशी नवे कपडे, छायाचित्र आणि मेजवानी उरते आणि मंदिराची वाट तेथेच संपते. विधीची रचना याच्या विरुद्ध आहे. स्नानाच्या वेळचे धर्मपालकच येथेही असावेत, ही संहितेची अपेक्षा या दिवसाला मागे जोडते आणि त्याच मिस्सात पुढे येणारा ख्रिस्तप्रसाद त्याला पुढे जोडतो. मुद्रा एकदाच उमटते आणि हा संस्कार पुन्हा दिला जात नाही. पण पत्रावर मुद्रा उमटविली जाते ती पत्र पाठविण्यासाठी, फडताळात ठेवण्यासाठी नव्हे.

‘दृढीकरण’ ही संज्ञा बदलावी, असे यावरून सिद्ध होत नाही. रूढ शब्द आपल्या मागे पिढ्यांचा वापर घेऊन येतो. मात्र ती वाचताना बंगालीतील हात आणि मल्याळममधील तेल मराठी वाचकाने मनात जोडून घ्यावे. मग शब्दातून लोपलेला कर्ता आपोआप दिसू लागेल आणि ‘मी माझी श्रद्धा दृढ केली’ या वाक्याच्या जागी ‘मला दृढ केले गेले’ हे वाक्य अधिक खरे वाटेल.