स्टर्नड्राइव्हचं तेल दुधाळ झालंय?

इंजिन बोटीच्या पोटात, गिअर आणि पंखा मागे पाण्यात. व्होल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये बाजारात आणलेली ही रचना मला भारी आवडते, पण लाड फार करावे लागतात.

परवा गिअरच्या तेलाचा खालचा स्क्रू काढला, तर तेल चक्क दुधाच्या चहासारखं! म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय. नुसतं तेल बदलून भागत नाही, गळती आधी शोधायची. नवं तेल खालच्या भोकातूनच पंपाने चढवायचं, वरच्या भोकातून बिनबुडबुड्यांचं तेल येईपर्यंत. वरून ओतलं की हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावा, मगच पंप काढा. वॉशर नवेच हवेत.

बोट आणि ड्राइव्ह यांच्यामधल्या रबरी बेलोजच्या, म्हणजे घडीदार नळीच्या, चुण्याही बोटांनी फाकवून बघा, चीर तिथेच लपते. आणि झिंकच्या वड्यांना रंग फासू नका हो! ड्राइव्हचा धातू वाचावा म्हणून त्या झिजण्यासाठीच असतात. अर्ध्या उरल्या की बदला.