जुना अ‍ॅम्प मे महिन्यात पाहावा

नागपुरात कुणाला जुना, भारीतला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा असला की मी एकच सांगतो : मे महिन्यात बघायला जा, आणि तेही भर दुपारी. दिवाळीच्या सुमारास गार हवेत, समोरच्याच्या बैठकीत चहा घेता घेता ऐकलेला कुठलाही अ‍ॅम्प गोडच वाजतो. नवतपा लागलाय, पारा ४५ च्या पुढे गेलाय आणि तरी दोन तास सलग वाजून जो तक्रार करत नाही, त्याच्यावर पैसे टाकायला हरकत नाही.

रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजते, कॅसेट डेकचं हेड झिजतं. अ‍ॅम्पमध्ये फिरणारं, घासणारं असं फारसं काही नसतंच. त्याला खाते ती उष्णता. म्हणून तो १९८५ चा की २००५ चा, यापेक्षा तो किती तास आणि किती गरम चालला, हे मला आधी हवं असतं.

झाकण उघडलं की पहिल्यांदा नजरेत भरतो ट्रान्सफॉर्मर. २५ किलोच्या अ‍ॅम्पमधलं बहुतेक वजन याचं आणि बाजूच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंख्यांचं, म्हणजे हीट सिंकचं. भिंतीतले २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मर खाली उतरवतो, रेक्टिफायर त्यांचा डीसी करतो आणि दोन-चार मोठे डबे तो डीसी साठवून सपाट करतात. या डब्यांना कपॅसिटर म्हणायचं, पण आपले जुने मेकॅनिक आजही कंडेन्सरच म्हणतात. मीही तेच म्हणतो. कंडेन्सर म्हणजे हौद. आउटपुट ट्रान्झिस्टर म्हणजे हौदाची तोटी. सीडी प्लेअरकडून येणारा इवलासा सिग्नल फक्त तोटी फिरवतो. स्पीकरला जाणारी सगळी ताकद हौदातून येते. भारी अ‍ॅम्प भारी असतो तो मुख्यतः या हौदामुळे. म्हणूनच चांगला ५० वॅटचा अ‍ॅम्प ८ ओहमऐवजी ४ ओहमचा स्पीकर लावला की १०० च्या जवळ जातो, आणि खोक्यावर हजार वॅट पीएमपीओ छापलेला सेट मृदंगाच्या दुसऱ्या थापेला धापा टाकतो.

गाणं थांबलेलं असतानाही तोटी जराशी उघडी ठेवावी लागते. पूर्ण बंद ठेवली तर बारीक सूर उघडझापेच्या सांध्यात अडखळतात. या सतत झिरपणाऱ्या प्रवाहाला बायस म्हणतात. क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये तो थोडा असतो. क्लास ए मध्ये तोटी कायम इतकी उघडी असते की कुणी ऐकत असो वा नसो, अ‍ॅम्प इस्त्रीसारखा तापलेला राहतो. आणि ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा, की तापला की जास्त प्रवाह सोडतो, आणि जास्त प्रवाह सोडला की आणखी तापतो. हे चक्र आवरायला हीट सिंकला चिकटवलेला एक छोटा ट्रान्झिस्टर असतो. तो तापमान पाहून बायस खाली ओढतो. त्याच्याखालची पांढरी पेस्ट वाळून भुकटी झाली की त्याला गरमी उशिरा कळते. डिसेंबरात हे खपून जातं. मे मध्ये नाही.

आता नागपूरचा हिशेब करू. एखाद्या अ‍ॅम्पचा हीट सिंक खोलीपेक्षा ३० अंशांनी तापतो असं धरा. २५ अंशांच्या खोलीत तो ५५ वर राहील, आपल्याकडच्या ४२ अंशांच्या खोलीत ७२ वर. आतले कंडेन्सर याच हवेत श्वास घेतात. कंडेन्सरवर ८५ अंश, २००० तास असं काही लिहिलेलं असेल, तर ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे ६५ अंशांना ८००० तास, ४५ अंशांना ३२,००० तास. रोज चार तास ऐकणाऱ्यासाठी पहिला आकडा साडेपाच वर्षांचा, दुसरा जवळजवळ २२ वर्षांचा. अ‍ॅम्प तोच, कंपनी तीच. फरक फक्त तो उघड्या टेबलावर होता की काचेच्या बंद शोकेसमध्ये, एवढाच. म्हणून कुणाच्या घरी गेलो की मी अ‍ॅम्पच्या आधी त्याची जागा बघतो.

जागेवरून मी एकदा चांगलाच फसलोय. धरमपेठेतल्या एका घरी जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प पाहिला. बाहेरून आरसा, वाजायलाही छान. तो खिडकीपासून दोन हातांवर होता आणि खिडकीत कूलर होता, हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. आपल्याकडे कूलर मार्चमध्ये बसतो तो पाऊस लागेपर्यंत हलत नाही. खसमधून येणारी ओली हवा आणि पाण्यातले क्षार तीन-चार महिने थेट अ‍ॅम्पच्या वरच्या जाळीतून आत जात होते. घरी आणून झाकण काढलं तर सिलेक्टर स्विचच्या पायांवर हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी, आणि ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांवर गंजाची कड. तो स्विच मिळवायला मला आठ महिने लागले. तेव्हापासून भिंतीवर कूलरच्या पाण्याचा ओघळ दिसला की मी टॉर्च काढतो.

जायच्या आदल्या दिवशी फोन करून मी एक विनंती करतो : मी येईपर्यंत अ‍ॅम्प लावू नका. यावर एकदा उत्तर आलं, "नाही भाऊ, मी अर्ध्या तासाआधी लावून ठेवतो नं, गरम झाला का मस्त वाजते." माणूस भला होता आणि त्याने नकळत आजार सांगून टाकला होता. तडकलेली सोल्डरिंग, सुकत आलेला कंडेन्सर, काळवंडलेला रिले, ही दुखणी बरेचदा थंड असतानाच दिसतात आणि गरम झाल्यावर लपतात. काही याच्या उलट, गरम झाल्यावरच डोकं वर काढतात. त्यामुळे दोन्ही पाहायला हवं : थंड सुरुवात आणि तापलेला शेवट.

सोबत एक मल्टिमीटर न्या, साधा चालेल. सुरू करण्याआधी मागची पट्टी वाचा. जपानच्या बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेचा १२० चा. कुणाच्या नातेवाइकाने आणलेला असा सेट थेट आपल्या सॉकेटमध्ये लावला की गेलाच. त्याला स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो अ‍ॅम्पच्या खपाच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा. जपानी सेटवर बहुधा ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असतं, कारण त्या देशात दोन्ही चालतात. फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर सावध राहा. आपल्या ५० हर्ट्झवर त्याचा ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो आणि गुणगुणतो. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड केलाय का, हेही विचारा. रिवाइंड म्हणजे वाईट असं मुळीच नाही, पण कुणी केलं हे कळलं पाहिजे.

स्पीकर काढून ठेवा, आवाज शून्यावर आणि बटण दाबा. तीन ते पाच सेकंदांनी आतून ‘कट्’ असा आवाज यायला हवा. तो प्रोटेक्शन रिले. आत सगळं ठीक आहे असं वाटल्यावरच तो स्पीकरचा रस्ता उघडतो. आता मीटर २०० मिलिव्होल्ट डीसीवर लावून एकेका बाजूच्या स्पीकर टर्मिनलच्या तांबड्या-काळ्यावर धरा. इथे शून्य असायला हवं, पण प्रत्यक्षात थोडंफार असतंच. २०-३० पर्यंत उत्तम, ५० पर्यंत चालेल. १०० च्या वर गेलं तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव बोला, आणि आकडा पूर्ण व्होल्टमध्ये गेला तर आपला स्पीकर त्याला जोडूच नका, कॉइल जळेल. हे आकडे कागदावर लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा, दोन तासांनी पुन्हा. स्थिर राहिलेला ४० हा भटकणाऱ्या १० पेक्षा मला जास्त आवडतो.

मग स्पीकर जोडा आणि अगदी हळू आवाजात सुरुवात करा. विकणारे सगळे आवाज वाढवून ऐकवतात, कारण दोष हळू आवाजात दिसतो. एक बाजू गायब झाली आणि आवाज वाढवताच एकदम परत आली तर रिलेचे संपर्क काळे पडलेत. मोठा प्रवाह तो थर फोडून जातो, छोटा अडतो. रिले बदलणं स्वस्तातलं काम आहे, त्यासाठी चांगला अ‍ॅम्प सोडू नये. आवाजाची मूठ फिरवताना खरखर आली तर ती बहुधा क्लीनरने जाते. क्लीनर मारूनही न जाणारी खरखर मात्र आधीच्या कंडेन्सरमधून डीसी गळत असल्याची खूण असते. दोष कुठल्याही बाजूला वाटला तर मागच्या इनपुटच्या डाव्या-उजव्या वायरी बदला. दोषही बाजू बदलून गेला तर तो सीडी प्लेअरचा, नाही गेला तर अ‍ॅम्पचा किंवा स्पीकरचा.

हे सगळं झाल्यावर मी वसंतराव देशपांड्यांचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावतो. ते मूर्तिजापूरला १९२० मध्ये जन्मले आणि नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकले, म्हणून आम्हा नागपूरकरांना त्यांचा जिव्हाळा आहेच. पण इथे मला ते हवे असतात तानपुऱ्यासाठी. गवई सूर लावायच्या आधी नुसता तानपुरा वाजतो, त्या अर्ध्या मिनिटात अ‍ॅम्पची अर्धी परीक्षा होते. जवारीचा प्रत्येक पदर सुटा ऐकू येतो का? तारेचा नाद विरत विरत शांततेत जातो, की मध्येच खालून येणाऱ्या घूं मध्ये बुडतो? ती घूं आवाजाच्या मुठीबरोबर कमी-जास्त होत असेल तर ती मुठीच्या आधीच्या भागातली, वायरीतली किंवा अर्थिंगची. मूठ शून्यावर नेली तरी तशीच राहिली तर हौद सुकलेत.

अर्थिंगचं मात्र नीट बघा. घूं घालवायला तीन पिनांच्या प्लगची मधली जाड पिन तोडलेले अ‍ॅम्प मी पाहिलेत. धातूच्या डब्यात २३० व्होल्ट खेळत असताना हे माणूस मारायचं काम आहे. पिन तोडलेली दिसली तर आत आणखी काय तोडलंय ते शोधायलाच हवं.

दोन तास होत आले की तळहात हीट सिंकवर ठेवा. डाव्या-उजव्या दोन्ही पंख्यांची ऊब सारखी हवी. एक गार आणि एक चटका देणारा असेल तर एका बाजूचा बायस बिघडलाय. क्लास एबीच्या अ‍ॅम्पवर मे च्या दुपारीही हात क्षणभर तरी टेकवता यायला हवा.

शेवटी बंद करून, प्लग काढून, मालकाच्या परवानगीने झाकण उघडा. आत बोट घालू नका, हौदात बराच वेळ जीवघेणा साठा उरतो. टॉर्चने नुसतं बघा. झाकणाच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली आहेत का, म्हणजे किती जण येऊन गेले ते कळतं. कंडेन्सरचं टोक फुगलंय का. मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी लावलेला गोंद पिवळट असतो तो तपकिरी झालाय का. जुना गोंद वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तारा खातो. फ्यूजच्या जागी कुणी तांब्याची तार तर गुंडाळली नाही ना. डाव्या आणि उजव्या बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच छपाईचे आहेत का. तोशिबाच्या ५२०० आणि १९४३ या जोडीच्या नकला बाजारात भरपूर आहेत. एका बाजूची अक्षरं लेसरने कोरल्यासारखी आणि दुसऱ्या बाजूची पांढऱ्या शाईने छापल्यासारखी असतील तर यातली एक बाजू एकदा उडालेली आहे. आणि हो, पाल. अ‍ॅम्पची ऊब तिला आवडते. बोर्डावर वाळलेली पाल निघाली तर तिच्याखालचे ट्रॅक तपासल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

उघडलेला अ‍ॅम्प मला न उघडलेल्यापेक्षा नेहमीच वाईट वाटतो असं नाही. दुरुस्ती नीट झाली असेल तर ती चांगलीच. माझ्याकडे आज जो आहे त्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने लिहिलं होतं : सगळे कंडेन्सर बदलले, आणि पुढे तारीख. ज्याने लिहिलं त्याने प्रत्येक डब्याच्या धन-ऋण बाजूवरही मार्करने खूण केली होती, सोल्डर गुळगुळीत आणि चकचकीत. ते पाहिल्यावर मी भावात घासाघीस केली नाही. असा अ‍ॅम्प पुन्हा दुरुस्त होतो. त्याचा प्रत्येक सुटा भाग नागपूरच्या बर्डीवर नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतो किंवा त्याला पर्याय सापडतो, हे त्याचं मोठं बळ आहे. नव्या सेटमधला बंद मॉड्यूल गेला की बहुतेकदा अख्खा बदलावाच लागतो.

आणताना कारच्या मागच्या सीटच्या पायाशी, गादीवर, ट्रान्सफॉर्मरची बाजू खाली राहील असा ठेवा. डिकीत उभा ठेवला तर एका खड्ड्यात ट्रान्सफॉर्मर आपले नट ओढून बोर्डावर पडू शकतो. घरी आल्यावर लगेच लावू नका. गाडीत तापलेला असतो, खोलीशी जुळायला दोन तास द्या. वर वीतभर मोकळी जागा, मागे भिंतीपासून चार बोटं, आणि कूलरची हवा दुसऱ्या दिशेला. मग तो कागद काढा आणि रिलेचा कट् ऐकून पुन्हा एकदा दोन्ही बाजूंचे मिलिव्होल्ट लिहा.