घशातला काटा आणि टी१७.२२८ए

माशाचा काटा घशात रुतला की आपल्याकडे आधी कोरड्या भाताचा गोळा, मग केळं आणि शेवटी डॉक्टर. अमेरिकेत हाच काटा दवाखान्यात पोहोचला की त्याची नोंद होते: टी१७.२२८ए. दिसायला रूक्ष, पण नीट वाचलं तर सगळी हकिगत त्यात आहे.

टी१७ म्हणजे श्वसनमार्गात शिरलेली बाहेरची वस्तू. पुढचा २ म्हणतो, ती घशात आहे. ३ असता तर स्वरयंत्रात, ४ असता तर श्वासनलिकेत. त्यानंतरचा २ म्हणजे वस्तू खाण्यातली. काटे, हाडं, बिया यातच येतात. मग ८: इजा झाली, पण जीव गुदमरला नाही. तिथे ० असता तर गुदमरला! शेवटचा ए म्हणजे उपचार चालू आहेत. बरं होत असताना तपासणीला आलात तर डी.

मुलानं नाकात वाटाणा घातला तर टी१७.१एक्सएक्सए. सांगण्यासारखं आणखी काही नसतं, पण ए सातव्या जागीच हवा, म्हणून मधे एक्स भरायचे. इतका काटेकोरपणा कारकुनालाच सुचावा.

मला खरं थक्क केलं ते टी१८.१२० या नोंदीनं. इथे घास चुकीच्या वाटेनं गेलेलाच नाही. तो अन्ननलिकेत आहे, आणि तरी श्वास कोंडतोय. श्वासनलिका अन्ननलिकेच्या अगदी पुढे असते. तिच्या कूर्चेच्या कड्या मागून उघड्या, तिथे नुसता मऊ पडदा. मोठा घास अडकला की तो पडदा आत दाबला जातो. तेवढ्या एका शून्यात हे सगळं शरीरशास्त्र बसवलंय.

हे कोड ज्या यादीतून येतात, ती मुळात मृत्यूच्या कारणांची. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी ती १८९३ मध्ये मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे आणि तेव्हापासून तिच्यात आजार-इजाही आल्या. अमेरिकेनं तिची ही विस्तारित आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणली. तिथल्या रुग्णांचे कागद वाचून कोड लावणारे कितीतरी जण पुणे, हैदराबाद, चेन्नईत बसलेले असतात. डॉक्टरांनी जागा लिहिलीच नसेल तर कोडरला ती अंदाजानं ठरवता येत नाही. मग ‘अनिर्दिष्ट’चा कोड.

यादी वाढतेही. अन्ननलिकेत अडकलेलं नाणं आणि चपटी बटण-बॅटरी ‘इतर वस्तू’ या एकाच रकान्यात जातात. पण बॅटरी तिथल्या ओलाव्यात विद्युतप्रवाह सोडते आणि दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. ऑक्टोबर २०२३ पासून तिला जोडीला स्वतंत्र कोडही आहे. घरात लहान मूल असेल तर रिमोटच्या आणि खेळण्यांच्या बॅटरीची झाकणं घट्ट आहेत ना, ते आजच बघा. आणि मुलानं बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.