कांद्याला दिवस मोजता येतो

एप्रिलमध्ये भर दुपारी नाशिकजवळच्या एखाद्या पॉलिहाऊसमध्ये शिरलात, तर रंगीत ढोबळी मिरचीवर शेडनेट ओढलेलं दिसेल. ऊन सोसत नाही. उघडी राहिलेली फळं एका अंगाने भाजून पांढरी पडतात. इतकं ऊन असलेल्या ठिकाणी भाजीपाल्यावर दिवे कशाला लावायचे? नेदरलँड्सचं समजू शकतं. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, तोही ढगाळ.

पण प्रकाश झाडाचं अन्न असतो, तसाच तो निरोपही असतो. हा निरोप वाचणारं पीक नाशिकच्या शेतात पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे. कांदा पोसायला कधी लागायचं, हे बऱ्याच अंशी दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. निफाडची एन-53 ही खरिपाची जात साडेअकरा तासांच्या दिवसातही गाठ धरते. युरोपातल्या अनेक जातींना त्यासाठी 14 तासांहून मोठा दिवस लागतो. नाशिकचा सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा. त्यामुळे ते बी इथे लावलं तर नुसती पात वाढत राहते, मान जाड होते, कांदा काही धरत नाही. खत, पाणी, मशागत सगळं उत्तम असूनही!

पानाला हे कळतं कसं? त्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. 1952 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांनी लेट्यूसच्या भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला, बी रुजलं. लाल प्रकाशानंतर लगेच अतिलाल, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद प्रकाश टाकला, रुजणं थांबलं. पुन्हा लाल, पुन्हा अतिलाल, असं कितीही वेळा करा, शेवटचा रंग कोणता होता त्यावरच बियांचा निर्णय ठरायचा. मला हा वनस्पतिशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

याच रंगद्रव्याच्या भरवशावर आपल्याकडे शेवंतीच्या पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लागतात. रात्र मध्येच तुटली की शेवंती कळी धरत नाही, दांडा हवा तेवढा वाढवून घेता येतो. आणि या निरोपाला वीज किती लागते? 10 गुंठे म्हणजे साधारण 1000 चौरस मीटर. निरोपापुरता मंद प्रकाश दर चौरस मीटरला एका वॉटच्या आसपास एलईडीत भागतो. चार तासांना 4 युनिट. तेवढ्याच जागेत टोमॅटोला दिव्याचं अन्न द्यायचं, तेही दुपारच्या उन्हाच्या दहाव्या हिश्शाइतकंच, तर चांगल्या एलईडीलाही 12 तासांत 800 युनिटच्या घरात वीज लागेल. जुन्या सोडियम दिव्यांनी 1300.

एलईडीची बचत फक्त कमी तापण्यात नाही. रंग निवडता येतो, ही खरी गंमत. प्रकाश कणाकणांनी येतो आणि पान कण मोजतं. लाल कण निळ्या कणापेक्षा हलका असतो, त्याला ऊर्जा कमी लागते. सगळी वीज प्रकाशात उतरली असं धरलं, तर तेवढ्याच विजेत निळ्याच्या जवळजवळ दीडपट लाल कण मिळतात. म्हणून हरितगृहाच्या दिव्यात लाल जास्त आणि निळा थोडा असतो. पण तो थोडा निळाही वगळून चालत नाही, कारण झाड उंचीला आवरतं ते बरंचसं त्याच्यामुळे.

नाशिकच्या भाजीपाल्याला दिव्याचा उपयोग मला दिसतो तो इथेच, रोपवाटिकेत. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. कोकोपीटच्या ट्रेमधली टोमॅटोची रोपं प्रकाशाच्या शोधात उंच, बारीक होतात, पेरं लांबतात आणि लावणीच्या वेळी हातात वाकतात. रोपं ट्रेमध्ये दाटीने उभी असतात, 10 गुंठ्यांच्या लागवडीची दोन-अडीच हजार रोपं 98 खाचांच्या पंचवीसेक ट्रेंमध्ये मावतात. म्हणजे दिवे लावायचे ते फक्त पाच-सहा चौरस मीटरवर. अन्नाइतका प्रकाश दिला, तरी दिवसाला पाच युनिटच्या आत काम होतं.