पर्जन्याचे बदलते स्वरूप आणि सह्याद्रीचे नैसर्गिक पर्यावरण

प्रस्तावना :
अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि कोकण व घाटमाथ्यावर प्रतिरोध पर्जन्य देतात. येथील जंगले, सडे, झरे व नद्या याच पर्जन्यचक्रावर अवलंबून आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे महाराष्ट्रातील आहेत. हवामान बदलाचा विचार करताना बहुधा वार्षिक सरासरी पाहिली जाते. परंतु या प्रदेशात पाऊस किती पडतो यापेक्षा तो कसा पडतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

पर्जन्यातील बदल :
तापमान १ अंश सेल्सिअसने वाढल्यास हवेची बाष्पधारण क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्राचे पाणी तापत असल्याने वाऱ्यांना अधिक बाष्प मिळते आणि ते थोड्या काळात मोठ्या प्रमाणात कोसळते. महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ मधील संशोधनात आढळले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ५९४ मि.मी. पाऊस नोंदला गेला.

पर्यावरणावरील परिणाम :
१) डोंगरउतार : कठीण बेसाल्टवरील विदारित मातीचा थर पाण्याने संपृक्त झाला की त्याची पकड सुटते. माळीण (२०१४), तळिये (२०२१) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटना अतिवृष्टीच्या काळातच घडल्या. अर्थात पाऊस हे एकमेव कारण नव्हे. वृक्षतोड व उतारांची खोदाईही दरडींचा धोका वाढविते.
२) भूजल : संथ पाऊस जमिनीत मुरतो, तर मुसळधार पाऊस वाहून जातो. त्यामुळे पावसाची बेरीज तीच राहिली तरी झरे लवकर आटू शकतात.
३) सडे : कासच्या जांभ्यावरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. सीतेची आसवे यांसारख्या वनस्पती आपले जीवनचक्र पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत पूर्ण करतात. फुलोऱ्याच्या काळात पावसाने दीर्घ उघडीप दिल्यास उथळ डबकी सुकतात व बीजधारणेस बाधा येते.

निष्कर्ष :
एकाच वर्षी अतिवृष्टी आणि दीर्घ खंड दोन्ही आल्यास सरासरी सामान्यच दिसते. हानी मात्र दुहेरी होते. म्हणून पर्जन्यदिन, तासागणिक तीव्रता, खंडांचा कालावधी व झरे वाहते राहण्याचे दिवस यांची स्थानिक नोंद आवश्यक आहे. घाट परिसरातील महाविद्यालयांच्या भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांना हे कार्य अल्प खर्चात करता येईल. पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने २०११ च्या अहवालात संवेदनशील क्षेत्रांच्या संरक्षणाची शिफारस केली होती. अशा संरक्षणाची अंमलबजावणी गावपातळीवर करताना या नोंदींचा आधार मिळेल.