झडप बदललेली असेल, तर ताप अंगावर काढू नका



लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात आणि काही मुलींच्या हृदयाच्या झडपा त्यात खराब होतात. डॉक्टर त्याला रुमॅटिक ताप म्हणतात. पुढे दम लागतो, ऑपरेशन करून कृत्रिम झडप बसवावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली देशी झडप १९९० पासून वापरात आहे. त्यामुळे झडप बदललेली बाई आपल्याही गावात असू शकते. आजचं बोलणं तिच्यासाठी, आणि तिच्या घरच्यांसाठीही.

आपल्या तोंडात, कातडीवर जंतू असतातच. हिरड्या सुजल्या, दात काढला, गळू पिकलं की थोडे रक्तात शिरतात. एरवी शरीर त्यांना मारून टाकतं. पण कृत्रिम झडप ही बाहेरची वस्तू. विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरावं तसे जंतू तिच्यावर थर धरतात. त्या थरात औषधही सहज पोचत नाही. थराचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो. झडप निकामी झाली तर जीवही जातो.

लक्षणं साधीच दिसतात: थंडी वाजून ताप, रात्री घाम, भूक मंदावणं, वजन घटणं, थकवा. मलेरिया किंवा टायफॉईड असेल असं वाटतं आणि आपण दुकानातून गोळ्या आणतो. ताप उतरतो, गोळ्या संपल्या की परत येतो. जंतू नुसते दबलेले असतात, आणि मग रक्ताच्या तपासणीत ते सापडत नाहीत. जंतू कोणता हे कळलं नाही, तर नेमकं औषध कसं द्यायचं? म्हणून झडपवाल्या बाईला ताप आला, तर आधी मोठ्या दवाखान्यात रक्ततपासणी, मग जंतुनाशक औषध. उपचार लांबतो. बहुधा सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं, काहींचं पुन्हा ऑपरेशन होतं.

हे टाळण्यासाठी आपण काय करायचं?

• दात दोन वेळा घासायचे, मशेरी सोडायची.
• दात काढण्याआधी दातांच्या डॉक्टरांना झडपेचं सांगायचं. ते तासभर आधी घ्यायचं औषध देतात.
• रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही.
• काटा रुतला, कापलं तर साबण-पाण्याने धुवायचं. माती, शेण लावायचं नाही.
• ऑपरेशनचा कागद दवाखान्यात जाताना सोबत ठेवायचा.

पेरणीच्या दिवसांत बाईचा ताप घरात कुणी मोजत नाही, तीही सांगत नाही. गटातल्या आपण तो मोजू या. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटातून देऊ या.