सहकुटुंब वनविहार आणि गावचे पाणी

रत्नागिरी जिल्ह्यात दरवर्षी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात आणि घरच्या स्त्रियांना हंडे घेऊन दूरवर जावे लागते. एवढे पाणी येते कोठून, थांबते कोठे आणि जाते कोठे, हे गावातील प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावयास हवे. ते समजावून घेण्याचा सर्वांत सोपा व बिनखर्ची मार्ग म्हणजे मुलाबाळांसह गावच्या हद्दीत पायी फिरणे. सडा, देवराई, तळे, मळा आणि खाडी ही पाण्याच्या प्रवासातील पाच ठाणी होत. कोकणातील बहुतेक गावांत ती दोन-तीन मैलांच्या आत आढळतात. सुटीच्या एका सकाळी कुटुंबाने ही वाट चालावी. त्यात करमणूक आहे आणि शेतीच्या दृष्टीने मोठा लाभही आहे.

वाटेची आखणी

वाट नेहमी वरून खाली आखावी. पाणी ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने माणसे चालली म्हणजे सारा प्रकार लहान मुलांनाही आपोआप उलगडतो. शिवाय उतरणीच्या वाटेवर वृद्धांना दम लागत नाही. नवी वाट पाडण्याची गरज नाही. वाड्यांना जोडणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या, पाणंदी आणि मळ्यांचे बांध पुरेसे आहेत. सोबत पाच-सहा वर्षांची मुले असतील तर एकूण अंतर तीन-चार किलोमीटरांपेक्षा अधिक नसावे आणि अर्ध्या वाटेवर सावली व पिण्याचे पाणी असावे. खाजगी बागेतून जावयाचे असल्यास मालकाची संमती आधी घ्यावी. वाटेत वईचे बेडे लागले तर ते पुन्हा लावून पुढे जावे.

सडा

दुरून पाहणाऱ्याला सडा म्हणजे ओसाड कातळ वाटतो. प्रत्यक्षात तो गावची पाण्याची टाकी आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकण मातीच्या थरापर्यंत पोहोचते आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. अनेक वाड्यांच्या विहिरींचा जीव या झऱ्यांवर अवलंबून आहे.

पावसाळ्यात सड्यावर उथळ डबकी साचतात. त्यांच्या कडेला सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू या वनस्पती फुलतात. कातळावरील मातीत नत्र फार थोडे असते. त्यामुळे दवबिंदू आपल्या चिकट थेंबांनी किडे धरते व त्यांतून नत्र मिळविते. सीतेच्या आसवांनाही सूक्ष्म जलचर पकडणाऱ्या पिशव्या असतात. पावसाच्या आरंभी पांढरी फुले देणारी दीपकाडी ही कंदवर्गीय वनस्पती तर कोकणाबाहेर आढळत नाही. खतांचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलांना नत्राचे महत्त्व सांगण्यास याहून चांगला धडा सापडणार नाही.

याच सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे येथील कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ती पाहताना चित्रांवर पाय देऊ नये, तसेच रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना ओतू नये.

सड्यावर चिऱ्यांची खाण काढताना अथवा कातळ फोडून कलमे लावताना पाणी मुरण्याची जागा बदलते, ही गोष्ट मालकाने ध्यानात ठेवावी. कलमबाग हे कोकणचे धन आहे, यात शंका नाही. परंतु ज्या भागात पाणी साचते तो भाग मोकळा ठेवूनच लागवड केल्यास बाग आणि खालची विहीर दोन्ही टिकतात.

देवराई

सड्यावरून उतरताना बहुधा ग्रामदेवतेची राई लागते. देवाच्या धाकाने पूर्वजांनी येथे कुऱ्हाड चालू दिली नाही. म्हणून बेहडा, सातवीण, किंजळ, सुरंगी यांसारखे जुने वृक्ष अजून उभे आहेत. पालापाचोळ्याचा जाड थर पावसाचा मारा झेलतो आणि पाणी सावकाश जमिनीत सोडतो. देवळाजवळची बाव उन्हाळ्यातही भरलेली दिसते, त्याचे एक कारण हेच.

जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते व नर फटीतून तिला फळे भरवितो. त्याच्या विष्ठेतून वनवृक्षांचे बी दूरवर पसरते. मोठे झाड गेले की ढोली गेली, ढोली गेली की धनेश गेला आणि त्याबरोबर फुकट बी पेरणारा गडीही गेला. देवळाचा जीर्णोद्धार करताना आवारातील वृक्ष तोडून लाद्या घालण्याकडे अलीकडे कल दिसतो. गावकऱ्यांनी मंडळी जमवून याचा फेरविचार करावा.

तळे आणि मळा

राईच्या खाली तळे असल्यास मुलांनी तेथे पाऊण तास शांत बसावे. टिबुकली, वारकरी, कमळपक्षी, ढोकरी आणि खंड्या हे पक्षी सहज ओळखता येतात. पूर्वजांनी बांधलेल्या तळ्याचे उत्तम उदाहरण धामापूरचे आहे. मालवण तालुक्यातील हे गाव १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा निर्माण होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. नागेश देसाई यांनी १५३० साली बांधविलेल्या या तलावाला २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. काठाला भगवतीचे देऊळ आणि भोवती दाट झाडी, अशी ही जागा कुटुंबासह पाहण्याजोगी आहे.

तळ्याखालच्या भाताच्या कुणग्यांत बेडूक व चतुर दिसतील. बेडूक पिकावरील किडे खातो आणि चतुराची अळी पाण्यातील डासांच्या अळ्या खाते. ही माहिती मुलांना बांधावर उभे राहूनच सांगावी.

खाडी आणि कांदळवन

वाटेचा शेवट खाडीवर होत असल्यास ओहोटीची वेळ साधावी. तिवराची मातीतून वर डोकावणारी श्वसनमुळे आणि झाडावर असतानाच रुजणारी कांदळाची शेंग तेव्हा नीट पाहता येते. कोळंबी, खेकडे व अनेक मासे यांची पिल्ले या मुळांच्या आश्रयाने वाढतात. खाजणाच्या बांधावर येणारी लाटही कांदळवन प्रथम आपल्या अंगावर घेते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यातील कांदळवने तोडण्यास मनाई केली असून सभोवारच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास व भरावास प्रतिबंध केला आहे. जमीन खाजगी असली तरी हा नियम लागू आहे.

रत्नागिरी शहरातील कुटुंबांना भाट्ये येथे काजळी नदीचे मुख, सुरूचे बन आणि १९५५ साली स्थापन झालेले नारळ संशोधन केंद्र हे सारे एकाच परिसरात आढळेल.

घ्यावयाची काळजी

सड्यावर दगडाखाली व गवतात फुरसे असते. ते आकाराने लहान पण विषारी असून अंगाची वेटोळी घासून करकर आवाज करते. म्हणून पायांत बूट घालावेत, दगड उलटू नयेत आणि बिळात हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये व आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा.

सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणीत पावसाचे पाणी साचते. तिच्या कडा उभ्या असल्याने आत पडलेल्या मुलाला वर येता येत नाही. अशा खाणीपासून वाट दूर ठेवावी. मेघगर्जना ऐकू येताच मोकळा सडा सोडून खाली उतरावे. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, तेव्हा तेथे मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये, कारण त्यातून लेप्टोची बाधा होऊ शकते. गवत वाळल्यानंतर वाटेत विडी अथवा चूल पेटवू नये. एका ठिणगीने लागलेला वणवा आंबा-काजूची वर्षानुवर्षांची मेहनत एका दुपारी भस्म करतो.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी शाळेचे शिक्षक, महिला मंडळ आणि दोन-तीन जाणती वृद्ध माणसे यांच्या साहाय्याने वाट आखावी. झऱ्यांची, झाडांची व तळ्यांची जुनी नावे वृद्धांकडून विचारून वहीत उतरवून घ्यावीत. ऑगस्टच्या अखेरीस पावसाची उघडीप पाहून, नंतर डिसेंबरात आणि पुन्हा एप्रिलात, अशी वर्षातून तीन वेळा तीच वाट चालावी. प्रत्येक वेळी कोणता झरा वाहत होता आणि विहिरीत किती हात पाणी होते, याची नोंद मुलांकडून करवून घ्यावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून बंधारा कोठे घालावा आणि कोणती जागा राखावी, हे ग्रामसभेला स्वतःच ठरविता येईल. पावसाळा संपताच वहाळावर श्रमदानाने वनराई बंधारा घालताना ही वही हाताशी असावी.

अशा वाटेतून गावाला मिळकतही होऊ शकते. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने ग्रामस्थांच्या सहकार्याने सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पूर्वी तेथे अंडी चोरीस जात असत. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. समुद्राकडे जाणारी पिल्ले पाहण्यास सहकुटुंब येणाऱ्या पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय ग्रामस्थांनी आपल्या घरीच केली आणि राखलेल्या निसर्गातून घरात चार पैसे येऊ लागले. मात्र पाहुण्यांची संख्या, कचरा आणि पाण्याचा वापर यांवर गावाचा ताबा असावयास हवा. जी वाट प्रथम गावच्या मुलांनी चालून ओळखली आहे, तीच पाहुण्यांना दाखविता येते. म्हणून आरंभ घरापासून करावा आणि पहिल्या फेरीसाठी येत्या सुटीचा दिवस आजच मुक्रर करावा.